दंडाची पावती

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



'अर्थव्यवस्था आणि न्यायव्यवस्था' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय मोठा आहे. त्याचा एकच कोपरा आज मी आपल्यापुढे मांडणार आहे, आणि त्यासाठी आधार घेणार आहे तो काही विद्यार्थ्यांच्या प्रवासाचा. माझ्या पुतणीची मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठात फौजदारी न्यायव्यवस्थेचा अभ्यास करते. मागील उन्हाळ्यात तिच्या वर्गातील चौदा मुले-मुली आणि त्यांचे एक अध्यापक तीन आठवडे युरोपात अभ्याससहलीला गेले होते. लंडन, बर्लिन, नॉर्वे आणि शेवटी हेलसिंकी असा त्यांचा मार्ग होता. न्यायालये पाहावयाची, तुरुंग पाहावयाचे आणि रात्री चर्चा करावयाची. तेथून या मुलीने मला सविस्तर पत्रे पाठविली. आज मी जे सांगणार आहे त्यातील पाहणे त्या मुलांचे आहे; हिशेब माझा आहे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला जेथे तेथे जमाखर्च दिसू लागतो, त्याला इलाज नाही.

तुरुंग पाहण्यासाठी देशोदेशी हिंडण्याची ही प्रथा नवी नाही. तिचा आद्य प्रवासी म्हणावा असा गृहस्थ म्हणजे इंग्लंडचा जॉन हॉवर्ड. १७७३ साली तो बेडफर्डशायर परगण्याचा शेरिफ झाला आणि स्थानिक तुरुंगाची पाहणी करताना त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. न्यायालयाने निर्दोष ठरविलेली माणसेही तुरुंगातच होती! कारण काय, तर जेलरला पगार नसे. तो कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवर जगे. ज्याला फी देता येत नसे त्याला निर्दोष ठरूनही सुटका नाही. पुढे १७७४ साली ब्रिटिश पार्लमेंटने निर्दोष सुटलेल्यांकडून अशी फी घेण्यास बंदी केली. हॉवर्ड मात्र थांबला नाही. इंग्लंडचे आणि युरोपचे तुरुंग त्याने पालथे घातले, १७७७ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, आणि १७९० साली आज युक्रेनमध्ये असलेल्या खेरसोन येथे अशाच पाहणीच्या प्रवासात तापाने त्याचा अंत झाला.

पुढे प्रवाहाची दिशा उलटली. १८३१ साली तॉकव्हिल आणि बोमाँ हे दोन तरुण फ्रेंच न्यायाधिकारी अमेरिकेला गेले ते तेथील नवे तुरुंग पाहण्यासाठी. फिलाडेल्फियाचा एकांतवासाचा तुरुंग तेव्हा जगाला सुधारणेचा नमुना वाटत होता. आज त्याच अमेरिकेत सुमारे एकोणीस लाख माणसे तुरुंगांत आणि कोठड्यांत आहेत. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण पाचशेच्या वर जाते. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये ते साठच्या आत-बाहेर आहे. तेव्हा आता अमेरिकन विद्यार्थी युरोपात शिकावयास येतात, हे योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, त्यांनी तेथे काय पाहावे?

लंडनमध्ये या मुलांनी ओल्ड बेली हे फौजदारी न्यायालय पाहिले. जेथे पूर्वी न्यूगेटचा कुप्रसिद्ध तुरुंग होता त्याच जागेवर ते उभे आहे. प्रेक्षकांच्या सज्जात बसून मुलांनी वकिलांचे केसांचे टोप पाहिले, ज्यूरी पाहिली. पत्रात वर्णन छान आहे. पण सगळ्या वर्णनापेक्षा मला तिचे एक वाक्य महत्त्वाचे वाटले. हॉवर्डची हकीकत ऐकल्यावर वर्गातील एक मुलगा पटकन म्हणाला की, आमच्याकडे अजून तसेच आहे; फीऐवजी आम्ही त्याला जामिनाची रक्कम म्हणतो. अध्यापकांनी त्याला दुरुस्त केले की, जामीन खटल्यापूर्वीचा असतो आणि हॉवर्डचे कैदी खटल्यानंतरचे होते. दुरुस्ती बरोबर होती. तरी मुलाच्या बोलण्यातील तथ्य त्यामुळे नाहीसे होत नाही. कायद्याने सोडलेला माणूस पैशासाठी आत राहतो, हे दोन्हीकडे समान आहे. हा धागा मी शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे.

बर्लिनमध्ये मुलांना प्लोत्झेनझे येथे नेले. नाझी राजवटीत १९३३ ते १९४५ या काळात तेथे २,८०० हून अधिक माणसांना ठार करण्यात आले. त्यांत नाझीविरोधी लढ्यातील कितीतरी माणसे होती. आता तेथे स्मारक आहे. या अनुभवातून पोळून निघालेल्या पश्चिम जर्मनीने १९४९ च्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात मनुष्याची प्रतिष्ठा अभंग असल्याचे लिहिले आणि देहदंड रद्द केला. १९७७ साली तेथील घटना न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: जन्मठेपेच्या कैद्यालाही पुन्हा मोकळे होण्याची खरीखुरी आशा असली पाहिजे, ती आशा हिरावणे घटनेशी विसंगत होय. ज्या देशात पॅरोलचा मार्गच बंद असलेली जन्मठेप सर्रास दिली जाते तेथून आलेल्या या मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटले, यात नवल नाही.

पण प्लोत्झेनझेला आजही एक तुरुंग आहे, आणि त्यात कोण आहेत हे पाहणेही आवश्यक आहे. तेथे असलेल्या कैद्यांपैकी अनेकांना न्यायाधीशाने तुरुंगाची शिक्षा दिलेलीच नव्हती! दिला होता तो दंड. तो भरला नाही म्हणून ते आत आले. यांत विनातिकीट प्रवास करताना वारंवार पकडलेले लोक आहेत. विनातिकीट प्रवास हा तेथे फौजदारी गुन्हा ठरला तो १९३५ साली, म्हणजे नाझी राजवटीत. ते कलम आजही आहे. बहुतेक वेळा खटल्याची सुनावणीही होत नाही. लेखी आदेश टपालाने घरी येतो. ज्याला घरच नाही, किंवा कर्जाच्या तगाद्यांना भिऊन ज्याने पाकिटे उघडणेच सोडले आहे, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. अशांना सोडविण्यासाठी २०२१ मध्ये काही नागरिकांनी वर्गणी जमवून दंड भरण्यास आरंभ केला. सरकारनेही कायदा थोडा सैल केला: पूर्वी एका दिवसाच्या दंडाबद्दल एक दिवस तुरुंग असे, फेब्रुवारी २०२४ पासून दोन दिवसांच्या दंडाबद्दल एक दिवस. अंतर निम्मे झाले. रस्ता तोच राहिला.

माझ्या नातीने लिहिले आहे की, स्मारकातून बाहेर पडल्यावर सर्वजण गंभीर होते. परंतु शेजारच्या भिंतीआड तिकिटासाठी बसलेल्या माणसांविषयी ऐकल्यावर काहीजण हसले. मला हे हसणे समजते. भूतकाळातील अन्यायापुढे आपण माना झुकवितो. चालू अन्याय मात्र बहुधा किरकोळ दिसतो. त्याचे रूप एखाद्या पावतीएवढे असते.

तेथून मुले नॉर्वेला गेली. स्वीडनच्या सीमेजवळ हाल्डेन येथे २०१० साली उघडलेला, सुमारे अडीचशे कैद्यांचा तुरुंग आहे. गंभीर गुन्हे केलेली माणसे तेथे असतात. बाहेर सहा मीटरहून उंच भिंत आहे, पण कोठडीच्या खिडकीला गज नाहीत. खिडकीबाहेर झाडे आहेत. कैदी तुरुंगातल्या दुकानातून सामान आणून स्वयंपाक करतात. अधिकारी त्यांच्याबरोबर जेवावयास बसतात. वर्गात लगेच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, हे तर हॉटेल आहे. ज्यांची हानी झाली त्यांची ही क्रूर थट्टा आहे. दुसऱ्या तटाला हा स्वर्ग वाटला. माझ्या मते दोन्ही तट खिडकीकडे पाहत होते, आणि जे पाहावयास हवे ते खिडकीत नव्हते.

ते असे. नॉर्वेची तुरुंगव्यवस्था म्हणते की, स्वातंत्र्य काढून घेणे हीच शिक्षा. त्यावाचून नागरिकाचा दुसरा कोणताही हक्क आपोआप जात नाही. कैद्याला मतदान करता येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुरुंगातला शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल हे तुरुंगाचे नोकर नसतात. ते बाहेरच्या सार्वजनिक शाळेचे, आरोग्यसेवेचे, ग्रंथालयाचे असतात आणि आत येऊन काम करतात. माणूस सुटला म्हणजे शाळा तीच, दवाखाना तोच. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला दोन वर्षांचे शिक्षण घ्यावे लागते. आज ना उद्या हा कैदी कोणाचा तरी शेजारी होणार आहे, तेव्हा तो कसा शेजारी व्हावा, हा प्रश्न हे अधिकारी स्वतःला विचारतात.

एका विद्यार्थ्याने अर्थातच २२ जुलै २०११ चा प्रश्न काढला. ओस्लो आणि उटोया येथे ७७ जणांची हत्या करणाऱ्या माणसाचे काय? त्यांत बहुतेक मुले मजूर पक्षाच्या युवक शिबिराला आलेली होती, हे आपल्यासारख्या शिबिरे भरविणाऱ्यांनी विसरू नये. त्याला २१ वर्षांच्या स्थानबद्धतेची शिक्षा झाली आहे, आणि धोका संपलेला नाही असे न्यायालयास वाटल्यास ती मुदत पुन्हा पुन्हा वाढविता येते. म्हणजे मऊपणा म्हणजे भाबडेपणा नव्हे. नॉर्वेने त्या एका माणसासाठी बाकी सर्वांचा कायदा बदलला नाही, एवढेच.

वर्गात एक मुलगी होती, तिचा भाऊ अमेरिकेत तुरुंगात आहे. हे तिने तोपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. हाल्डेनमध्ये तिने विचारलेला प्रश्न एकच होता: कैद्याच्या घरच्यांना भेटीसाठी किती लांबून यावे लागते आणि येण्याचा खर्च कोण करते? चौदा जणांत अर्थशास्त्राचा प्रश्न विचारणारी ती एकटीच होती असे मी म्हणेन. कारण शिक्षा कैद्याला होते, पण तिचा खर्च त्याच्या आईच्या आणि बहिणीच्या मजुरीतून वसूल होतो, हे तिला ठाऊक होते.

येथे आकड्यांविषयी एक सूचना. नॉर्वेत सुटलेल्यांपैकी केवळ वीस टक्के पुन्हा गुन्ह्याकडे वळतात आणि अमेरिकेत दोन तृतीयांश, असे सहलीहून आलेला प्रत्येकजण सांगतो. ही मापे एक नव्हेत. पहिल्या आकड्यात दोन वर्षांत पुन्हा शिक्षा झालेले मोजले आहेत. दुसऱ्यात तीन वर्षांत पुन्हा नुसती अटक झालेले. शेरातले धान्य आणि पायलीतले धान्य शेजारी ठेवून तुलना होत नाही. अधिक विश्वसनीय पुरावा निराळा आहे. २०२० साली काही अर्थशास्त्रज्ञांनी नॉर्वेतील खटले तपासले. कोणता खटला कोणत्या न्यायाधीशाकडे जाणार हे योगायोगावर असते आणि काही न्यायाधीश कडक तर काही सौम्य असतात, याचा त्यांनी उपयोग केला. निष्कर्ष असा की, ज्यांना आधी काम नव्हते त्यांचा तुरुंगातील प्रशिक्षणामुळे फायदा झाला; त्यांना काम मिळू लागले आणि गुन्हे घटले. ज्यांना आधीपासून नोकरी होती त्यांची मात्र नोकरी गेली. याचा अर्थ, माणूस सावरतो तो तुरुंगाच्या भिंतीमुळे नव्हे, कामामुळे.

नॉर्वेलाही मर्यादा आहेत. तेथील लोकपालाने २०१९ मध्ये संसदेला खास अहवाल देऊन, कितीतरी कैदी दिवसाचे बहुतेक तास एकटे कोंडलेले असतात, अशी कठोर टीका केली. जागा अपुरी पडली तेव्हा २०१५ ते २०१८ या काळात नॉर्वेने नेदरलंड्समधला एक तुरुंग भाड्याने घेतला आणि आपले कैदी तेथे पाठविले. डेन्मार्कने तर २०२२ मध्ये कोसोव्होशी ३०० जागांचा करार केला, आणि तोही हद्दपार व्हावयाच्या परदेशी कैद्यांसाठी. शेजारी होणार असेल तर चांगली वागणूक. होणार नसेल तर दूरची भाड्याची कोठडी. म्हणजे या माणुसकीलाही पारपत्र लागते! समता ही नागरिकांपुरतीच असेल तर तिला समता म्हणावे काय, हा प्रश्न तेथील समाजवाद्यांनी स्वतःला विचारावयास हवा.

आता हेलसिंकी. सहलीचा हा शेवटचा मुक्काम सर्वांत कमी नाट्यमय आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. फिनलंडमध्ये १९२१ पासून 'दिवस-दंड' आहे. गुन्हा किती गंभीर यावरून न्यायालय दिवसांची संख्या ठरविते. एका दिवसाची रक्कम मात्र त्या माणसाच्या मिळकतीवरून ठरते. करवजा मासिक मिळकतीतून जगण्यासाठी २५५ युरो वजा करावयाचे, उरलेल्याला साठने भागावयाचे आणि पोसावयाच्या प्रत्येक माणसामागे काही रक्कम सोडावयाची. उदाहरण घेऊ. एक सफाई कामगार महिन्याला १,४५५ युरो मिळवितो, एक कंपनीचालक १२,२५५. दोघांवर अवलंबून कोणी नाही. दोघांनी सारख्याच वेगाने गाडी हाकली आणि दोघांना बारा दिवसांचा दंड झाला. कामगाराचा एक दिवस २० युरोंचा, म्हणून दंड २४०. चालकाचा एक दिवस २०० युरोंचा, म्हणून दंड २,४००. नोकिया कंपनीच्या एका संचालकाला २००२ मध्ये अतिवेगाबद्दल १,१६,००० युरो दंड झाला होता, ही बातमी जगभर गाजली. पुढे त्याची मिळकत घटल्याचे दिसून आल्यावर अपिलात तो पुष्कळ कमी झाला, हे कमी गाजले. मला तर अपिलाचा भाग अधिक आवडतो. मिळकत वाढली की दंड वाढतो, तशी ती घटली की घटतो. येथे श्रीमंतावर राग नाही. माप सारखे आहे.

वर्गातील एका मुलाला हा अन्याय वाटला. गुन्हा एक तर दंड एक, यात त्याला समता दिसत होती. माझी नात त्याला म्हणाली की, तुरुंगवास आपण कशात मोजतो? दिवसांत. श्रीमंताचा एक दिवस आणि गरिबाचा एक दिवस सारखाच धरतो. मग दंडही दिवसांतच का मोजू नये? एवढे सोपे उत्तर मला वर्गात कधी सुचले असते तर मी संतुष्ट झालो असतो. ठरावीक रकमेचा दंड ही श्रीमंतासाठी किंमत असते आणि गरिबासाठी शिक्षा. पार्किंगची जागा भाड्याने घ्यावी तसा पैसेवाला कायदा मोडण्याची सोय विकत घेतो.

पण जर्मनीतही १९७५ पासून दिवस-दंडच आहे, मग तेथे तिकिटासाठी माणसे आत कशी? सूत्र चांगले असून भागत नाही, याचे हे उदाहरण होय. माणसाला न पाहता, त्याची मिळकत कागदावर अंदाजाने धरून दंड लावला आणि जगण्याएवढी रक्कमही सोडली नाही, तर समतेचे सूत्र गरिबाच्याच गळ्यात अडकते. सुधारणा कायद्याच्या पुस्तकात होते. तिची परीक्षा पावतीवर होते.

हेलसिंकीजवळच्या सुओमेनलिन्ना बेटावर १९७१ पासून एक खुला तुरुंग आहे. जुन्या किल्ल्याची डागडुजी कैदी करतात आणि त्यांना मजुरी मिळते. पर्यटक त्यांच्या बाजूने फिरत असतात. फिनलंडमध्ये गेल्या शतकाच्या मध्यास दर लाखामागे दीडशेहून अधिक कैदी होते. शतक संपताना ते साठच्या आसपास आले. हे ऐकून माझ्या नातीने विचारले, 'आजोबा, आपल्याकडे असे काही आहे का?' मी तिला सांगितले की, सुओमेनलिन्नाच्या तीस वर्षे आधी आपल्याकडे होते, आणि अजून आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलिश इंजिनिअरच्या प्रेरणेने ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तेथे कैदी शेती करतात आणि त्यांची बायकामुले त्यांच्याजवळ राहतात. भेटीसाठी किती लांबून यावे लागते, या त्या अमेरिकन मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आटपाडीच्या माळावर केव्हाच दिले गेले होते. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखे बारह हाथ' काढला आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपला नमुना युरोपने पडद्यावर पाहिला. आपण तो पडद्यावरच ठेवला.

कारण दुसरी बाजू अशी आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा होता. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेले लोक त्यांत आहेत. हॉवर्डने १७७३ मध्ये पाहिलेला माणूस तो हाच. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश दिले आहेत: जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिन्याभरात हमी भरता आली नाही तर न्यायालयाने अटी बदलण्याचा स्वतःहून विचार करावा, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे विलंबाचे एक कारण असल्याने तशी अट घालू नये. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी व दंडासाठी २०२३ मध्ये केंद्राने साहाय्याची योजनाही जाहीर केली.

हे सर्व कागदावर आहे. ते जिल्ह्याच्या गावी उतरले की नाही हे पाहणे, हे कार्यकर्त्याचे काम होय. त्यासाठी नॉर्वेला जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे आणि विचारावे: जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटलेले किती आहेत? केवळ दंड न भरल्यामुळे किती आहेत? त्यांच्या घरी कोणी कळविले आहे काय? अशा दहा माणसांची नावे घेऊन त्यांच्या गावी गेलो, सातबारा वा पगाराचा दाखला असलेला जामीनदार उभा केला किंवा जातमुचलक्यावर सुटकेचा अर्ज करविला, तर दहा घरांत मिळविता हात परत येईल. माझ्या नातीच्या वर्गाला मी एकच सुचविले आहे: पुढच्या तुकडीने कोणत्याही देशात गेल्यावर तुरुंगाच्या खिडकीआधी दंडाची पावती मागावी. आपणही तीच मागावी आणि तिच्यावरचा आकडा ज्याने भरावयाचा त्याची रोजची मजुरी किती, हे शेजारी लिहून पाहावे.